आगमनकाळ आणि आपले प्रतिफळ

(वाचनासाठी : उत्पत्ती १४:१७ ते १५:६, मलाखी, अध्याय ३, लूक २:२२ ते ३८)

नोव्हेंबर संपत आला की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील ख्रिस्ती घरांत दोन वह्या बाहेर निघतात. एक शेताची. कापसाची वेचणी किती झाली, वेचणाऱ्या बायांचे किती देणे राहिले, संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा व्यापाऱ्याने कितीला केला आणि त्यातले प्रत्यक्ष हातात किती आले, याचा तीत हिशेब असतो. दुसरी वही शब्बाथशाळेची. कोणते मूल किती रविवार हजर राहिले, कोणी किती सुवर्णवचने पाठ म्हटली, हे पाहून नाताळच्या कार्यक्रमात कोणास कंपासपेटी द्यावयाची व कोणास नुसता पेन, हे शिक्षकमंडळी ठरवीत असतात. दोन्ही वह्यांत प्रश्न एकच : केले त्याचे मिळाले काय? आणि नेमका हाच महिना मंडळीच्या वर्षात आगमनकाळ म्हणून येतो. चार रविवार, चार मेणबत्त्या. प्रभू येत आहे असे आपण सारे म्हणतो. पण येणारा काय घेऊन येणार, हे जो तो आपापल्या वहीवरून ठरवितो.

या दिवसांत पुष्कळ मंडळ्यांतून मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ वाचला जातो. मार्ग तयार करणारा दूत, आपल्या मंदिरात अकस्मात येणारा प्रभू, रुपे गाळणाऱ्यासारखा धीराने बसलेला देव, हे सर्व त्यात आहे. वाचन बहुधा चौथ्या वचनापाशी थांबते. दहावे वचन दशांशाच्या उपदेशासाठी राखून ठेवलेले असते, आणि ते आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. चौदावे मात्र क्वचितच कोणी वाचतो. त्यात देवाचेच लोक म्हणतात की देवाची सेवा करणे फुकट गेले. त्याचे विधी पाळले, शोक करीत त्याच्यापुढे चाललो, त्यातून आम्हांस लाभ काय झाला? हे बोलणारे कोणी मूर्तिपूजक नव्हते की टवाळखोर नव्हते. बंदिवासातून परतलेली, मंदिर पुन्हा उभारलेली, नेमाने अर्पणे आणणारी ती मंडळी होती. वर्षानुवर्षे रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाच्या मनात जे असते आणि ओठावर येत नाही, तेच त्यांनी उघड बोलून दाखविले. जुन्या करारातील शेवटचे पुस्तक या तक्रारीने भरलेले आहे, आणि आगमनकाळाची वाट त्यातूनच जाते.

तेव्हा हा प्रश्न झाकून न ठेवता विचारावा असे आम्हांस वाटते. देवाकडून काही मिळावे म्हणून देवाची भक्ती करणे योग्य आहे काय? सैतानाने ईयोबाविषयी जी शंका घेतली ती हीच होती : या मनुष्याची भक्ती म्हणजे बरा चाललेला सौदा आहे, कुंपण काढून घ्या, मग पाहा. शंका सैतानाची असली तरी ती खोटी आहे असे पवित्र शास्त्र एका वाक्यात सांगून मोकळे होत नाही. त्यासाठी बेचाळीस अध्याय खर्ची पडले आहेत.

याची दोन सोपी उत्तरे आपल्याकडे चालतात, आणि दोन्ही आम्हांस पटत नाहीत. पहिले उत्तर हल्ली मोबाइलवर घरोघरी पोहोचले आहे : विश्वास ठेव, दान दे, मग शंभरपट मिळेल, मिळाले नाही तर तुझा विश्वास उणा. हे उत्तर ऐकून ज्यांचे पीक गेले वा ज्यांचा रुग्ण बरा झाला नाही, त्यांच्या दुःखावर अपराधाचे ओझे आणखी चढते. दुसरे उत्तर फार थोर वाटते : खऱ्या भक्ताने प्रतिफळाची इच्छाच धरू नये, काहीही न मागता सेवा करावी. ऐकायला ते शोभते, परंतु आपल्या प्रभूची भाषा ती नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू प्रतिफळाविषयी वारंवार बोलतो. दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींच्या बाबतीत तो एकच रचना ठेवितो : माणसांनी पाहावे म्हणून करणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, गुप्तपणे करणाऱ्याला पिता देईल. ‘मिळून चुकले’ या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द तेथे आहे, तो त्या काळी व्यवहारातल्या पावतीवर लिहीत असत. आपल्या मराठीत त्याला ठसकेबाज प्रतिशब्द आहे : भरून पावले! पुढे येणे काही नाही, खाते बंद.

भरून पावणे म्हणजे काय ते पांढुर्ण्याच्या माणसास फोडून सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून गोटमार होते. दरवर्षी माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. त्या झेंड्याला बाजारात काय किंमत येणार? पण त्या दिवशी तो मिळविणाऱ्या काठाची वाहवा होते, आणि जखमा ज्याच्या त्याच्या घरी जातात. हे लिहिताना आम्ही गावाला नावे ठेवीत नाही. मंडळीत दानाच्या पाटीवर आपले नाव पुरेशा मोठ्या अक्षरात आले नाही म्हणून रुसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. तोही एक झेंडाच.

तर प्रभू प्रतिफळाची इच्छा मारून टाकायला सांगत नाही. तो ती बदलायला सांगतो. येथे आपल्या शेतातलाच एक भेद उपयोगी पडेल. कापूस वेचणाऱ्या बाईला संध्याकाळी काट्यावर वजन करून किलोमागे पैसे मिळतात. ती मजुरी. मजुरीचा आणि कापसाचा स्वभावतः काही संबंध नसतो. त्याच पैशासाठी तिने गहू कापला असता तरी चालले असते, आणि पैसे हातात पडल्यावर शेताशी तिचे नाते संपले तरी कोणाचे काही बिघडत नाही. संत्र्याच्या झाडाचे फळ मात्र झाडाला कोणी बाहेरून आणून बांधीत नाही. ते झाडातूनच येते. झाड आणि फळ यांची जात एकच. आपल्या शास्त्रातील ‘प्रतिफळ’ या शब्दात ‘फळ’ आहे, ‘मजुरी’ नाही, हा भाषेचा योगायोग असेल; पण आम्हांस तो फार बोलका वाटतो. पैशासाठी लग्न करणारा मनुष्य लोभी ठरतो, कारण पैसा हे प्रीतीचे फळ नव्हे. पण ज्या व्यक्तीवर प्रीती केली तिचा सहवास मिळावा अशी इच्छा धरणाऱ्याला कोणी लोभी म्हणणार नाही. ती इच्छा नसेल तर उलट आपण विचारू की, बाबा, ही प्रीती तरी कसली?

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ हीच गल्लत करतो. इतकी वर्षे राबलो, पण मित्रांबरोबर मौज करायला एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार. त्याने बापाच्या घरी मजुराची वही ठेविली होती. बाप त्याला करडाचा हिशेब देत नाही. तू नेहमी माझ्याजवळ आहेस, याची तो आठवण करून देतो, आणि जे माझे ते तुझेच आहे असेही सांगतो. थोरल्याला यात काही मिळाल्यासारखे वाटले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. दाखला तेथे अंगणातच उभा राहतो.

आता अब्रामाकडे वळू. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायाचा आरंभ चौदाव्याशिवाय कळत नाही. अब्रामाने चार राजांचा पाठलाग करून लोटाला सोडविले, सदोमाची माणसे व मालमत्ता परत आणली. सदोमाचा राजा म्हणाला, माणसे मला द्या, माल तुम्ही ठेवा. रूढीप्रमाणे त्या मालावर अब्रामाचा हक्क होता. त्याने शपथ वाहून सूत किंवा वहाणेचा बंदही घेण्याचे नाकारले; सदोमाच्या राजाने मला श्रीमंत केले असे कोणी म्हणू नये म्हणून. मग रात्र झाली असेल. पराभूत राजे पुन्हा उलटून आले तर, ही भीती. आणि हाती आलेले सोडून दिले, घरी तर वारसही नाही, हा विचार. त्या वेळी देवाचे वचन त्याला आले : भिऊ नकोस, मी ढाल आहे. आणि त्यापुढे प्रतिफळाची गोष्ट आहे.

हे पुढचे मूळ हिब्रू वाक्य दोन प्रकारे वाचता येते. एका वाचनात देव सांगतो की तुझे प्रतिफळ फार मोठे होईल. दुसऱ्या वाचनात देव सांगतो की ढाल मी आहे, तसेच तुझे अति मोठे प्रतिफळही मीच आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने दुसरी वाट धरली. १९५२ च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने पहिली. आमच्या भागात उपासना बहुधा हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, त्यामुळे पुष्कळ घरांत दोन्ही शास्त्रे असतात. वाचकांनी ती शेजारी शेजारी ठेवून हे वचन पाहावे. शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गासाठी तर हा एक चांगला पाठ होईल. व्याकरणाचा निवाडा विद्वान करोत. आम्हांस मात्र असे वाटते की, या दोन वाचनांमधले अंतर म्हणजेच आपल्या सर्वांच्या विश्वासाची वाटचाल आहे. आरंभी आपण ‘काय मिळेल’ असे विचारतो. देव हळूहळू ‘कोण मिळेल’ याकडे नेतो.

आणि लगेच एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण उपदेशात ती नेहमी गाळली जाते. हे वचन ऐकून अब्राम तृप्त झाला असे लिहिलेले नाही. त्याचा पुढचा शब्द प्रश्नाचा आहे : प्रभू, तू मला काय देणार, मी तर निःसंतान चाललो! देव स्वतः प्रतिफळ म्हणून समोर उभा, आणि हा मनुष्य मुलाची गोष्ट काढतो. देव त्याला रागावत नाही. मी पुरेसा नाही काय, असे म्हणत नाही. तो त्याला बाहेर नेतो आणि तारे मोजायला सांगतो. हारान सोडताना अब्राम पंचाहत्तर वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा शंभर. पंचवीस वर्षे. या अवधीत मूल नव्हते, पण देवाशी बोलणे होते. भांडण होते, यज्ञ होते, हसू होते. प्रतिफळ आधी मिळाले, देणगी मागाहून.

हे येथे इतके ठासून सांगण्यास कारण आहे. सौंसरकडच्या एका घरी प्रार्थनेची बैठक होती. घरधन्याची पत्नी त्या वर्षी वारली होती. दोन वर्षे औषधपाणी, उपास, प्रार्थना सर्व झाले होते, आणि त्यातच गारपिटीने बगिचा झोडपला होता. देव हाच आपला वाटा, या विषयावर आम्ही बोललो. सर्व उठल्यावर तो मनुष्य हळूच म्हणाला, “भाऊ, देव मिळाला म्हणता, ते खरं असंल. पण तिची जागा तर रिकामीच हाये ना.” या वाक्यावर कोणतेही वचन फेकून मारणे आम्हांस पाप वाटते. तो खोटे बोलत नव्हता. देव हा आपले प्रतिफळ आहे याचा अर्थ देव हा गेलेल्या माणसाच्या बदली आलेला आहे, असा नव्हे. देव बदली येत नाही. त्या रिकाम्या जागेत तो येऊन बसतो आणि जागा रिकामीच राहते, असे कदाचित म्हणता येईल. पण हेसुद्धा ज्याने भोगले त्यानेच म्हणावे. म्हणून भोगलेल्या एकीची साक्ष काढतो.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या प्रत्येक मंडळीत घेतले जाते. त्यांच्या वृत्तान्तातला हा भाग मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो. रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, आणि कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडणारे. व्रते, दाने, उपास, पुराणे यांत त्यांनी आपले सर्व घातले. दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले तेव्हा जवळचे संपलेले होते. १८७४ मध्ये वडील गेले, काही महिन्यांत आई, पुढे थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे अर्धपोटी पायी चालत राहिली. यावरून दुसऱ्यांच्या व्रतवैकल्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. मुलगा पास झाला तर चर्चला पंखा देईन, नोकरी लागली तर पहिला पगार देईन, हे नवस आपल्या प्रार्थनांत काही कमी नाहीत. फक्त आपण त्यांना नवस म्हणत नाही.

१८८३ च्या सप्टेंबरात रमाबाईंचा इंग्लंडमध्ये, वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. येथे आपण गोष्ट संपवितो. त्यांनी स्वतः ती येथे संपविली नाही. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष छापली. तिच्या नावातच अखूट ठेव्याचा उल्लेख आहे. तीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर १८८९ मध्ये शारदासदन सुरू झाले होते. अमेरिकेत व भारतात कीर्ती झाली होती, पुस्तके निघाली होती, विधवांच्या मुक्तीचे काम हातात होते. म्हणजे हजेरी, पाठांतर, दान, सेवा या सर्व रकान्यांत वही भरलेली होती. आणि ती वही बाजूला ठेवून या बाई म्हणतात की ज्याच्यासाठी हे सर्व, तो अजून भेटायचा आहे.

त्यानंतर वाट सोपी झाली काय? १८९३ मध्ये शारदासदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामा दिला, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आमच्या या मध्य प्रांतात आल्या. स्वतःची उपासमार त्यांना विसरता आली नव्हती. उपाशी, निराधार मुली-बायका त्यांनी आपल्याकडे नेल्या, आणि केडगावचे मुक्तीचे काम त्यांतून वाढले. पांढुर्णा, सौंसर हे गाव तेव्हा त्याच मध्य प्रांतात, छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, मनोरमा, वारली. जिच्या हाती काम सोपवायचे तीच गेली. पदक कपाटात आणि मुलगी मातीत, अशा त्या शेवटच्या महिन्यांत रमाबाई काय करीत होत्या? हिब्रू आणि ग्रीकमधून केलेल्या आपल्या मराठी शास्त्राची मुद्रिते तपासीत होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत देवाचे शब्द यावेत म्हणून त्यांनी ते काम घेतले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आले. मुलीची रिकामी जागा भरली असे त्या कोठे म्हणाल्याचे आमच्या वाचनात नाही. पण ज्याच्याशी बोलणे सुरू झाले होते, त्याच्याशी बोलणे त्यांनी थांबविले नाही.

या महिन्यात आमच्या भागात बगिच्यांतून एक काम चालते. पुढच्या आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात. डिसेंबरात पाणी तोडतात. हलकी जमीन असेल तर थोडे दिवस, भारी काळी असेल तर अधिक. पाने मलूल होतात, काही गळतात. परक्या माणसास वाटावे की मालकाने बगिचा टाकून दिला. वस्तुतः ओलिताच्या दिवसांत मालक जितका फिरकत नाही, तितका तो ताणाच्या दिवसांत झाडांतून हिंडतो. पान किती सुकले, फांदी वाळते आहे का, पाणी केव्हा सोडावे, हे पाहणे त्याला रोजच लागते. जानेवारीत पाणी सोडले की बहार फुटतो, आणि फळ हाती येते ते पुढच्या आगमनकाळाच्या सुमारास.

हा दृष्टांत फार ताणू नये. प्रत्येक दुःख देवाने फळासाठी मुद्दाम दिलेला ताण आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या सौंसरच्या माणसापुढे तर नाहीच. गारपीट म्हणजे ताण नव्हे. आम्हांस एवढेच दाखवायचे आहे की पाणी नसणे आणि मालक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरड्या दिवसांत आपण त्या एकच समजतो.

आगमनकाळातील माणसे पाहा, सर्व अशाच कोरड्या दिवसांतली आहेत. जखऱ्या व अलीशिबा निर्दोष चालली, आणि म्हातारपणापर्यंत मूल नाही. ज्याने मार्ग तयार केला तो योहान तुरुंगात पडला, आणि येणारा तो तूच काय, असे त्याला निरोप पाठवून विचारावे लागले. आंधळे पाहतात, गरिबांस सुवार्ता मिळते, असे उत्तर आले. तुरुंगाचे दार उघडेल असे त्या उत्तरात नव्हते, आणि ते उघडले नाही. मंदिरात शिमोन होता. त्याच्या हातात काय आले? गरिबाचे अर्पण, म्हणजे पक्ष्यांची जोडी, घेऊन आलेल्या आईबापांचे चाळीस दिवसांचे मूल. रोमी सत्ता तशीच होती. वधस्तंभ अजून पुढे होता, आणि मरीयेच्या जिवातून तरवार जाईल हे शिमोनानेच सांगितले. कोणताही प्रश्न सुटला नव्हता. पण जो यायचा तो आला आहे आणि आपण त्याला हातात घेतले आहे, एवढ्यावर तो म्हातारा जाण्यास तयार झाला. हन्नेविषयी तर लूक याहूनही थोडे सांगतो : लग्नानंतर सात वर्षे नवरा, मग सारे आयुष्य विधवा, आणि मंदिर सोडून न जाणे. तिने देवापाशी काय मागितले होते हे लिहिलेले नाही. ती इतकी वर्षे तेथे होती, आणि म्हणून त्या क्षणीही तेथेच होती.

शेवटी शब्बाथशाळेच्या वहीविषयी, कारण एका शिक्षिकेने आम्हांस सरळ विचारले होते की, भाऊ, मग यंदा बक्षिसे बंद करावीत काय? आमचे मत, करू नयेत. फळांनी लदलेल्या फांदीला बगिच्यात बांबूचा टेकू देतात. टेकू म्हणजे झाड नव्हे, पण म्हणून कोणी तो काढून फेकीत नाही. लहान मूल आधी कंपासपेटीसाठी वचन पाठ करते. पुढे कधीतरी रात्री भीती वाटली की तेच वचन त्याच्या तोंडी येते, आणि तेव्हा कंपासपेटी कोठे हरवली हे त्याच्या ध्यानातही नसते. मात्र दोन गोष्टी कराव्यात. जे मूल घरी धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून जे वेचणीच्या दिवसांत येऊ शकत नाही, त्याची हजेरी कमी म्हणून त्याला सर्वांसमोर रिकाम्या हाती बसवू नये. मुलांना त्यातून देवाविषयी जे कळते ते पुढे कितीही पाठ घेतले तरी पुसत नाही. आणि बक्षीस देताना शिक्षकांनी त्या मुलाशी दोन शब्द बोलावेत, त्याचे नाव घेऊन. आमचा अनुभव असा की, वर्षे लोटल्यावर मुलांना बक्षीस आठवत नाही. कोणी दिले ते आठवते.

मलाखीची ती मंडळी आपण अर्ध्यावर सोडली होती. लाभ काय, असे म्हणणाऱ्यांच्या पाठोपाठ सोळाव्या वचनात दुसरी काही माणसे येतात. देवाचे भय बाळगणारी ही माणसे एकमेकांशी बोलू लागली, एवढेच तेथे सांगितले आहे. काय बोलली हे नाही. तक्रार करणाऱ्यांतलीच ही काही माणसे असतील, असेही आम्हांस वाटते. देवाने कान देऊन ऐकले आणि त्यांच्या आठवणीचे पुस्तक लिहिले गेले. त्यानंतर पुस्तक लवकरच संपते. मग सुमारे चारशे वर्षे काही लिहिलेले नाही, आणि नंतर एके दिवशी जखऱ्या याजक आपल्या पाळीप्रमाणे धूप जाळण्यास आत जातो.